लांब हॉर्न

परवा बाजारात कच्च्या केळीचा वास आला आणि बोदवड रस्त्यावरची ती दुपार आठवली. केळीने भरलेला जुना ट्रक वाटेत अचानक बंद पडायचा, आणि माझ्या गॅरेजात स्कॅनर लावला की सगळं ठीक दिसायचं. शेवटी वैतागून मी ड्रायव्हर आबांच्या शेजारी केबिनमध्येच बसलो. ऊन वाढत होतं, मागे घड तापत होते, मला बसवत नव्हतं. मारुतीचं देऊळ आलं, आबांनी नमस्कार म्हणून लांब हॉर्न दिला आणि इंजिन बंद. "मारुती कोपना शे," आबा हळूच म्हणाले. माझा संशय हॉर्नवर गेला. "आबा, देवळापुढं हॉर्न नका वाजवू." "देवले हॉर्न नई मारू?" आबा भडकलेच. मी बोनेट उघडलं. हॉर्नची आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची अर्थिंगची वायर एकाच ढिल्या नटाखाली होती. हॉर्न लांबला की कॉम्प्युटरचा करंट तुटायचा. हॉर्नची वायर वेगळी केली, नट आवळला, म्हटलं, "आता गाडी चालू करून वाजवा." हॉर्न घुमला, इंजिन चालूच. मी घाम पुसतो तोच इंजिन पुन्हा गप्प! वळून पाहतो तर आबा किल्ली हातात घेऊन देवळात जायला उतरत होते. "रोज मारुतीनी थांबाडं, आज मीच थांबस." अजूनही कुठे इंजिन थांबलं की मी आधी किल्लीकडे बघतो.