वरसाव्याच्या पुढे

बफवाल्या काकांच्या बोटांना ठसे नव्हते. भाईंदरजवळच्या हाटकेशच्या गाळ्यात तीस वर्षं स्टीलची भांडी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरून चमकवताना बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात ते मशीनवर अंगठा ठेवायचे आणि मशीन दरवेळी नाकारायचं. काका हसून म्हणायचे, "हे पण ओळखत नाय, घरची पण ओळखत नाय. मी आहे की नाय, तेच एकदा बघायला पाहिजे."

घरची म्हणजे काकू. आमच्या समोरच्याच घरात दोघं राहायची. मूलबाळ नव्हतं. शेवटची तीन वर्षं काकूंना काहीच आठवत नव्हतं. काकांना त्या "अहो पाहुणे" म्हणायच्या. आठवत होतं ते फक्त माणगावजवळचं माहेर. एका सकाळी काका दूध आणायला गेले तेवढ्यात त्या घराबाहेर पडल्या. दुपारी खाडीवरच्या वरसाव्याच्या पुलाजवळ, रस्त्याच्या कडेला बसलेल्या सापडल्या. बसल्या बसल्याच गेल्या होत्या. पायात चपला नव्हत्या.

वर्षभराने, थंडी पडल्यावर, काकांनी हाटकेश ते माणगाव चालत जायचं ठरवलं. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र भाईंदरला आहे, त्याच्यासाठी मदत गोळा करायची. काकूंचा फोटो आणि खाली त्या केंद्राचा क्यूआर कोड, असा पुठ्ठा त्यांनी गळ्यात अडकवला. "ती वरसाव्यापर्यंत गेली. पुढचं राहिलंय ते मी चालतो," एवढंच म्हणाले. मीही सुट्टी काढून निघालो. सत्तरीच्या माणसाला एकटं कसं सोडायचं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते काही पूर्ण खरं नव्हतं.

वरसाव्याला ते त्या जागी थांबले. जमिनीला हात लावला आणि म्हणाले, "चल." मला वाटलं, मलाच म्हणताहेत.

रस्त्यात काकांनी कधीच कुणाकडे मागितलं नाही की फोटो पुढे केला नाही. लोकच जवळ यायचे, विचारायचे, फोन काढून काही ना काही पाठवायचे. पनवेलच्या पुढे एका पंक्चरवाल्याने पुठ्ठ्याकडे निरखून पाहिलं. "ये अम्मा तो इधर से गयी. पैर में चप्पल भी नहीं था." दुसरी कुणीतरी असेल, मी म्हटलं. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवणारी एक बाई म्हणाली, "ह्याच त्या हिरव्या साडीवाल्या." फोटोत काकूंचा फक्त चेहरा होता. पण घरातून निघाल्या त्या दिवशी त्यांच्या अंगावर हिरवीच साडी होती.

"काका, नीट विचारा ना त्यांना," मी म्हणालो.

"नको. विचारलं की माणसं हो म्हणतात. आपणहून सांगतात तेवढं ऐकायचं."

नागोठण्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. चहावाल्या बाईंनी फोटो पाहिला आणि सहज म्हणाल्या, "ह्यांना मी बसा म्हटलं होतं. तर म्हणाल्या, 'नको, शेजारचा पोरगा बोललाय सावकाश जा, म्हणून हळूहळू चाललेय. बसले तर अजून उशीर होईल.'"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. काकू घरातून निघाल्या त्या सकाळी मला जिन्यात भेटल्या होत्या. "माहेरी जातेय," म्हणाल्या. मला ऑफिसची घाई होती. "सावकाश जा हां, काकू," म्हणालो आणि बाईक काढून निघून गेलो. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं आणि हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिथेच बाकड्यावर मी काकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी गळ्यातला पुठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "चांगलं बोललास. मी असतो तर ओरडलो असतो. लय ओरडायचो रे मी तिच्यावर." माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि उठले.

तिथून त्यांची चाल बदलली. चालता चालता मध्येच थांबायचे, बाजूला व्हायचे, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. मागे मोकळा रस्ता असायचा. मी पहिल्यांदा वळून पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, नंतर वळायचंच सोडून दिलं.

नवव्या दिवशी काकूंच्या माहेरी पोचलो. त्यांच्या वहिनी दारातच उभ्या होत्या. अख्ख्या वाटेत कुणाला काही न विचारणाऱ्या काकांनी अंगणातूनच विचारलं, "आली का?"

वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं. "नाही हो भावोजी, इथे कुणी नाही आलं."

"म्हणजे मी आधी पोचलो," काका म्हणाले आणि ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसले.

दोन दिवसांनी मी एस.टी.ने परत निघालो. काका आले नाहीत. "ती दमून येईल. दारात तिचं माणूस नको कुणी?" म्हणाले. दर रविवारी मी फोन करायचो. "अजून नाय रे," एवढंच उत्तर यायचं.

होळीनंतर काका गेले. दुपारी जेवून ओटीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं वहिनींनी कळवलं. त्याच्या आदल्या रविवारीही मी फोन केला होता. खूप वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला. नेहमीसारखा मी मोठ्याने "काका" म्हणालो, तर ते कुजबुजले, "हळू बोल जरा. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. लय चाललीय बिचारी."