शेजारणीच्या आईचा फोटो

पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनला पूर आला तेव्हा इंग्लंडात आमच्या मिल्टन कीन्समध्ये छान ऊन पडलं होतं. आमची शेजारीण मूळची तिथली, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. मी ऑफिसला निघाले तर ती युनिफॉर्ममध्येच दारातल्या पायरीवर बसून भावाचा व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा ऐकत होती. डोंगरावरून आलेल्या पाण्याने त्यांची अख्खी गल्ली खाली नेली होती. घराच्या दोन भिंती तेवढ्या उरल्या होत्या. आई सापडत नव्हती.

पाणी ओसरल्यावर भावाने व्हिडिओ पाठवले. गुडघाभर चिखल, पत्र्यांवर वाळत घातलेल्या गाद्या, फावडी घेऊन स्वतःचंच घर उकरणारी माणसं. एका व्हिडिओत तो घरातला अल्बम उघडून दाखवत होता. पानं एकमेकांना चिकटली होती, आणि सोडवायला गेलं की चेहरे चिखलाबरोबर निघून येत होते. आमच्या टीव्हीवर फ्रीटाउन एकदा दिसलं आणि लगेच क्रिकेट सुरू झालं. मला इतका राग आला की मी टीव्हीच बंद केला. तेवढंच माझ्या हातात होतं.

शोध थांबला, मग इथल्या चर्चमध्ये प्रार्थना ठरली. शेजारीण आमच्या किचनमध्ये येऊन म्हणाली, "पुरायला आई नाही. निदान चेहरा तरी हवा. तुझ्याकडे तिचा एखादा फोटो आहे का?"

तिच्या आईला फोटोचं भारी वावडं. लेकीच्या फोनमधल्या प्रत्येक फोटोत तोंडासमोर हात. व्हिसासाठी काढलेला एक होता, पण त्यात त्या पोलिसांनी पकडून आणल्यासारख्या दिसत होत्या. माझ्याकडे मात्र एक होता, आणि छान होता. पण तो कुणालाही दाखवणार नाही, असा शब्द मी सासूबाईंना दिला होता. "बघते हं," एवढंच मी म्हणाले.

शेजारणीची आई लेकीकडे राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. मी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं होतं. मी सगळ्याजणींना बोलावते, कुणाचा नवरा आहे की नाही ते विचारत नाही, आणि त्याचा जरा तोराही मिरवते. माझ्याच घरातल्या सासूबाई मात्र सासरे गेल्यापासून त्या दिवशी वरच्या खोलीत जाऊन बसतात. मी सांगून सांगून थकले. शेजारणीच्या आईला मी कुंकू लावलं आणि सांगितलं, आमच्यात एकीने लावलं की दुसरीने तिला उलट लावायचं. त्यांनी मला लावलं, तिळगूळ खाल्ला आणि विचारलं, "वर कोण आहे?" मी सांगितलं. त्या खाली का येत नाहीत, तेही सांगितलं.

"माझाही गेलाय की," त्या म्हणाल्या, आणि कुंकवाचा करंडा उचलून जिना चढू लागल्या. मी फोन हातात घेऊन मागोमाग.

सासूबाई नको-नको म्हणेपर्यंत कपाळाला कुंकू लागलंसुद्धा. नेमका तेव्हाच मी फोटो काढला. शेजारणीची आई खो-खो हसतेय, तिचं बोट सासूबाईंच्या कपाळावर, आणि सासूबाईंनी डोळे गच्च मिटलेत. पाहुण्या गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "हा फोटो पुण्याच्या नातेवाइकांना दिसता कामा नये. इथेही कुण्णाला दाखवायचा नाही." कुंकू मात्र त्यांनी झोपेपर्यंत पुसलं नव्हतं. माझं लक्ष होतं.

तर आता मी डायनिंग टेबलाशी बसून तो फोटो क्रॉप करत होते. सासूबाईंना काढलं की मनगटापासून हात तुटायचा. हात ठेवला की सासूबाईंचं कपाळ यायचं. त्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

"तिचा हात काय कापतेस?"

"आई, मग तुम्ही दिसाल. चर्चवाले तो मोठा करून त्यांच्या हॉलमध्ये लावणार. आपल्या मराठी मंडळातल्या बायका पण येतायत."

त्यांनी चष्मा लावून स्क्रीन जवळ ओढली. मग म्हणाल्या, "दिसले तर दिसले. आहे तसा पाठव."

हॉलमध्ये फोटो मेणबत्त्यांच्या मागे लावला होता. शेजारीण त्याच्यासमोर उभी राहून रडली, तसं मी कुणाला रडताना पाहिलेलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मंडळातल्या दोघी फोटो बघून कुजबुजायला लागल्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या गुपचूप सँडविचकडे वळल्या. सासूबाई शेवटपर्यंत पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या. रडल्या नाहीत.

घरी येताना मी राउंडअबाउटवर चुकीचा एक्झिट घेतला, तरी त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. एरवी मला सोडलं नसतं. घरासमोर गाडी थांबवली तरी सीटबेल्ट न काढता तशाच बसून राहिल्या.

"तिने मला लावलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "आणि मी मेली डोळे मिटून बसले. तिला उलट लावायचं राहूनच गेलं गं."