उठबस बाई

बाईंच्या तासाला कोणीही आपल्या जागेवर शेवटपर्यंत बसलेलं मी पाहिलं नाही. अकरावी-बारावीला त्या तत्त्वज्ञान शिकवत. दोन मुलांची एखाद्या गोष्टीवरून जुंपली की त्या म्हणत, "ऊठ, त्याच्या जागेवर बस. आता त्याचं म्हणणं तू सांग." म्हणून खर्डीच्या कॉलेजातल्या पोरांनी त्यांचं नाव उठबस बाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. हजेरी घेताना त्या स्वतःच म्हणत, "चला, उठबस सुरू."

मी त्या कॉलेजात झाडलोट करते, पाणी भरते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण त्यांच्या तासाला नेमकं त्याच वर्गासमोरचं पडवीचं काम माझं संपत नसे. बाई दाराला एक वीट लावून दार उघडं ठेवत. गोंगाट बाहेर येतो म्हणून मोठे सर कुरकुरत. बाई म्हणत, "कोंडतं हो आत." मलाही वाटायचं, वाऱ्यासाठीच असेल.

एकदा बौद्ध घरातली एक मुलगी म्हणाली, आत्मा नसतो. मागच्या बाकावरचा पाड्यातला मुलगा खो खो हसला.

"हसलास? ऊठ. तिच्या जागेवर बस. आत्मा का नसतो, ते आता तू सांग."

त्याने काहीतरी सांगितलं. मुलगी म्हणाली, "नाय बाई, असं नाय बोलले मी."

"या म्हणण्याची मालकीण नाही म्हणते. परत सांग."

तिसऱ्या वेळेला ती मुलगी म्हणाली, "हां, अस्सं." तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, "आता हस, हसू येत असेल तर." तो हसला नाही. डोकं खाजवत आपल्या बाकावर गेला.

माझी मनीषा त्याच वर्गात होती. ती बारावीला असताना दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, तिचे वडील, म्हणजे आमचे मालक, रानातल्या शेंदूर लावलेल्या वाघोबाला नारळ घेऊन निघाले, तशी ती म्हणाली, "दगडाला नारळ कशाला?" मालकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "कॉलेजात देवधरम शिकतेस, नि घरच्या देवाला दगड बोलतेस? दिवाळीनंतर घरी बसायचं. पेपर-बिपर काय नाय." माणूस वाईट नाही, पण बोललेलं मोडत नाही. मनीषाने रडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. मी दोघांच्या मधे नुसती भाकऱ्या थापत राहिले.

सुट्टी संपली. आठ दिवसांनी बाईंनी मला नळापाशी गाठलं. "मनीषा कुठे आहे?" मी खाली बघून म्हटलं, "घरी." पुढचं त्यांनी विचारून विचारून काढलं. त्याच संध्याकाळी रिक्षा करून त्या आमच्या पाड्यावर आल्या.

मालक भांडणाच्या तयारीने खाटेवर बसलेले. बाईंनी कोरा चहा घेतला, चांगला झालाय म्हणाल्या आणि मनीषाला म्हणाल्या, "ऊठ. वडिलांच्या जागेवर बस." मालक गडबडून उभेच राहिले. मनीषा खाटेवर बसली.

"रानात वाघाची भीती असते," ती म्हणाली, "म्हणून बाबा नारळ देतात."

"मालक काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"नाय," मालक म्हणाले. "भीतीचा नाय तो नारळ. रान काय आपलं हाय? त्याचं हाय. आपली गुरं तिथं चरतात, आपण लाकूड आणतो. वरसातून एकदा त्याला सांगायचं, तुझं खाल्लं, आठवण हाय. एवढंच."

मनीषा हळू बोलली, "रान आपलं नाय. ज्याचं खाल्लं त्याची आठवण ठेवायची. नारळ म्हणजे ती आठवण."

"हां. अस्सं."

"आता तुम्ही," बाई त्यांना म्हणाल्या. मालक दारापाशी मनीषाच्या जागेवर उकिडवे बसले. "मना नाय जमायचं, बाई," ते म्हणाले, आणि उठायला लागले.

ते उठले असते तर पोरीचं कॉलेज संपलं होतं. चुलीपाशी मी होते. कशी बोलले, ते आजही कळत नाही.

"तिनं देवाला नावं नाय ठेवली. लहानपणापासून नारळ बघते, पण कशाला ते तिला कोणी सांगितलंच नाय. तुमी आज सांगितलंत, पयल्यांदा. कॉलेजात निदान कोणी सांगतं. म्हणून तिला जायचंय."

"हां आई," मनीषा म्हणाली. "अस्सं."

मालक माझ्याकडे बघतच राहिले. "तू कुठं शिकलीस गो असं बोलायला?"

"झाडू मारताना," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कप विसळून पालथा घातला नि निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः मनीषाला कॉलेजपर्यंत सोडून आले. तिने पेपर दिले, पास झाली. आता शहापूरला पुढचं शिकते. वाघबारशीला घरी येते आणि नारळ तीच सोलते.

पुढे तो विषय घेणारी मुलं कमी झाली आणि बाईंची मुरबाडकडे बदली झाली. शेवटच्या दिवशी मी वर्ग झाडत होते. बाई आल्या नि म्हणाल्या, "बसा माझ्या खुर्चीत." मी नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्या हातातला झाडू घेतला आणि बाहेर पडवीत, मी जिथे उभी राहायची तिथेच जाऊन उभ्या राहिल्या. मी खुर्चीच्या टोकाला बसले.

बाईंनी मान वाकडी करून आत पाहिलं, मग थोडं सरकून पुन्हा पाहिलं.

"अहो, इथून फळा दिसतच नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी वीट लावत होते. मला वाटायचं, तुम्हाला दिसत असेल."