सुजाताने ऐकलेली बाराची घंटा

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि माझ्या मालकांची बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली. त्याच सुमारास मला चाकूर रस्त्यावरच्या सिस्टरांच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली. नोकरी हवीच होती, पण मनात अढी होती. माझे वडील, म्हणजे आबा, यांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. कुणा देवापुढे हात जोडायचे नाहीत, हे त्यांनी आम्हा भावंडांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. शाळेत मात्र सकाळी प्रार्थना, डबा उघडण्याआधी प्रार्थना, आणि दुपारी बाराची घंटा झाली की जो जिथे असेल तो तिथेच थांबायचा. मीही थांबायची, ओठ मिटून. प्रार्थना संपली की दुसऱ्या कुणासाठी तरी एक गोष्ट मनात मागायची, असं सिस्टरांनी मुलांना सांगितलं होतं.

माझी सुजाता तिथेच पहिलीत होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. एका सकाळी मी पाण्याच्या रांगेतून थकून आले, तर ही ताटासमोर डोळे मिटून, हात जोडून बसलेली. मी तिचे हात ओढून सोडवले. आपल्यात असं करत नाहीत, हवं तर आबांना विचार, असं चिडून म्हणाले. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी छोट्या सुट्टीनंतर ती वर्गात नव्हती.

मोठ्या सिस्टरांनी वर्ग एकत्र बसवले आणि बाकी सगळ्यांना तिला शोधायला पाठवलं. शिपाई सायकलवर लातूरच्या बाजूला गेला, शिक्षक आजूबाजूच्या वस्त्यांवर. मला त्यांनी फाटकाशी उभं केलं, पोर परत आली तर आई दिसली पाहिजे म्हणून. नुसतं उभं राहण्याइतकी कठीण गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. ती किती चालली असेल, कुठवर गेली असेल, याचे हिशेब मी करत होते आणि प्रत्येक हिशेब कुठल्या तरी कोरड्या विहिरीपाशी जाऊन थांबत होता. शेवटी विचारच संपले. फाटकाचा गज धरून मी म्हणाले, "माझ्याच्यानं आता काही होत नाही. तूच बघ." हे मी कुणाला म्हणाले, ते मला आजही सांगता येणार नाही.

साडेबाराच्या सुमाराला पाण्याचा टँकर फाटकाशी येऊन थांबला. वर ड्रायव्हरशेजारी सुजाता बसलेली होती, धुळीने माखलेली, ओठ सुकलेले. मी तिला खाली घेतलं आणि तिथेच मातीत बसले.

ड्रायव्हर उदगीरकडचे, पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. चाकूरच्या रस्त्यावर, शाळेपासून दोन-अडीच मैलांवर, पडीक रानात त्यांना शाळेच्या कपड्यातली एकटी पोर दिसली होती. ते म्हणाले, "बाई, पोरगी हात जोडून उभी होती. दुवा मागून राहिली समजून मी गाडी बंद केली. मधीच कसं हाक मारायचं?" तिने डोळे उघडल्यावर ते जवळ गेले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तिच्या पुढे चार पावलांवर दुष्काळी कामावर खोदलेली विहीर होती. कठडा नाही, काही नाही. तोंडावर वाळकं गवत आडवं आलेलं. तहान लागली म्हणून ती तिकडेच निघाली होती.

मी तिला विचारलं, तू तिथे का थांबलीस?

"बाराची घंटा झाली ना, आई."

मी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. घंटा वाजवणारा शिपाई बाराच्या आधीच तिला शोधायला सायकलवर गेला होता. त्या दिवशी बाराची घंटा झालीच नव्हती. झाली असती, तरी अडीच मैलांवर कुणाला ऐकू येणार? त्या रानाजवळ एखादं देऊळ असेलही. मी कधी बघायला गेले नाही.

ड्रायव्हर चहालाही थांबले नाहीत. वस्तीवर बायका घागरी घेऊन उभ्या असतील, म्हणाले, आणि गेले. मी सिस्टरांना विचारलं, मी आता आभार कुणाचे मानू? त्या म्हणाल्या, "तुम्ही माना. ज्याचे आहेत त्याला पोचतात."

सुजाता आबांच्याच गावाला निघाली होती, हात जोडले तर चालतात का, ते विचारायला. रविवारी निरोप मिळून आबा स्वतःच आले. मी काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी नातीला जवळ बसवून विचारलं, हात जोडून काय मागत होतीस. ती म्हणाली, आबाला पाण्यासाठी लांब जावं लागू नये. आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीचे हात सोडवू नगंस."

मी आजही बौद्धच आहे. रोज त्रिशरण म्हणते. पण त्या दुपारी मला एक कळलं. लेकराला जपणं माझं काम आहे, मात्र ते माझ्या एकटीच्या जपण्यावर जगत नाही. हे कळल्यावर खरं तर भीती वाटायला हवी होती. मला हलकं वाटलं. ते हलकेपण ज्याने दिलं, त्याचे आभार मी रोज मानते, त्याचं नाव न विचारता.