कोरडा शर्ट

कुलरच्या ओल्या खसाचा वास आला की मला हिंदी मुलखातल्या आमच्या बरुआसागरचा रस्ता आठवतो. मे महिना होता. माझ्या थोरल्या भावाची, भैयाची, पोलीस भरतीची दौड जवळ आली होती, म्हणून तो रोज पळायचा आणि बाबा शेजारून स्कूटर चालवायचे. त्या दिवशी पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन मीही मागे बसले होते. भैयानं पळतापळता हात पुढे केला. “पळताना पाणी प्यायलं की पाय जड होतात,” बाबा म्हणाले. पुढे उन्हात त्याचा भिजलेला शर्ट वाळून गेला. बाबा खूश झाले. “बघ, घाम थांबला. आता अंग तयार झालं.” थोड्या वेळानं भैया रस्ता सोडून शेतात शिरला, मला आई म्हणून हाका मारू लागला आणि कोसळला. कपाळ तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. अख्खा थर्मास त्याच्यावर ओतला, तरी तो उठला नाही. नातेवाईक जमेपर्यंत त्याला कुलरसमोर ठेवलं होतं. आता माझा मुलगा सायकल दामटून घरी येतो, तेव्हा मी दारातच त्याची पाठ चाचपते. “मम्मी, छोड़ो, पसीने में हूँ,” तो वैतागतो. हाताला ओल लागेपर्यंत मी सोडत नाही.