साडूभाऊंची हिरवी फ्रेम

माझ्या साडूबद्दल कुणी वाईट बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही, आणि ऐकायची मला फार इच्छा होती. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी त्यांचं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ते कुणावर तरी खेकसतील, कुठेतरी उशिरा पोचतील, निदान कुणाच्या घरी एखादा कप तरी फोडतील, अशी मी वाट पाहिली. माणूस दाद देत नाही.

लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी. उंच, सडपातळ, कान जरासे बाहेर आलेले. खिशात हात पुसायला धुतलेलं फडकं. कुणाच्याही घरी गेले की चपला काढून भिंतीला लावून नीट ठेवतात, आणि शेजारी माझ्या चपला वाकड्यातिकड्या पडलेल्या असल्या तर जाता जाता त्याही सरळ करतात. सासूबाईंचा नळ गळला की फोन त्यांना. सासऱ्यांचं कानाचं यंत्र शिट्टी मारायला लागलं की फोन त्यांना. थोरला जावई मी. स्वतःचं वर्कशॉप आहे माझं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, लोखंडाचं काय वाटेल ते मी करून देतो. मला फोन येतो तो "धाकटे जावई उचलत नाहीत, तुमच्याकडे आलेत का?" हे विचारायला.

एवढं सगळं मी मुकाट्याने गिळलं. पण माझी लेक त्यांच्या मागे लागली, तेव्हा मात्र माझा जळफळाट सुरू झाला.

लेक तेवीस वर्षांची. घरात तिला चिंगी म्हणतात, आता उंची माझ्याएवढी झाली तरी. एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. आठवडाभर मान खाली घालून सूक्ष्मदर्शकात बघायचं, म्हणून रविवारसाठी तिला सायकल हवी होती. तीही साधी नाही, फिक्स्ड गिअर. म्हणजे पेडल चाकाला कायमचं बांधलेलं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. उतारावर पाय सोडून आरामात यायची सोय नाही, आणि थांबायचं तर पाय उलटे रेटायचे. असली सायकल साडूभाऊ चालवतात. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जातात आणि येतात. चिंगी त्यांच्याबरोबर एकदा गेली, त्यांच्या सायकलवर दोन फेऱ्या मारल्या आणि घरी आली ती गालावर लाली घेऊन.

"बाबा, मी फ्रेम घेऊन सायकल बांधणार आहे," ती म्हणाली. "तयार नाही घेणार. आधी फ्रेम निवडायची, मग बाकीचं एकेक जमवायचं. काका मदत करणार आहेत."

मी म्हणालो, "फ्रेम म्हणजे नळ्याच ना? मी करून देतो की."

ती हसली. "बाबा, त्याचं गेट होईल."

बायकोही हसली. मीही हसलो, कारण न हसून सांगतो कुणाला. पण ते वाक्य माझ्या डोक्यात महिनाभर वाजत राहिलं. तीस वर्षं मी नळ्या जोडतो आहे.

मग त्यांचे रविवार सुरू झाले. काका आणि पुतणीसारखी ती, दोघं जुन्या सायकलींची दुकानं पालथी घालायला लागले. घरी आली की जेवताना तेच. काका म्हणाले नळी पातळ असली तर रस्त्याचे धक्के हाताला कमी लागतात. काका म्हणाले रंगाला भुलू नकोस. काका म्हणाले आधी माप. त्यांना मूलबाळ नाही हे मला ठाऊक होतं. माझ्या मेहुणीने त्यापायी काय काय सोसलं तेही ठाऊक होतं. तरी माझ्या मनात येत होतं की जीव लावायला यांनी दुसऱ्या कुणाची तरी मुलगी बघावी.

एका रविवारी मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो. हात धुवायला आत गेलो तर बोळातल्या भिंतीवर पेन्सिलची रेघ. शेजारी साडूभाऊंच्या अक्षरात लिहिलेलं: चिंगी, पायाचं माप, अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. मेहुणी म्हणाली, "मीच मोजलं हो. पाठ भिंतीला, पायांमध्ये पुस्तक धरायचं आणि वर रेघ मारायची. फ्रेम त्यावरून ठरते म्हणे."

चिंगीच्या उंचीच्या खुणा मी दरवर्षी आमच्या दाराच्या चौकटीवर करत होतो. ती बारा वर्षांची असताना घराला रंग दिला, त्यात त्या गेल्या. मी नळ उगाच जोरात बंद केला आणि बाहेर येऊन चहा नको म्हणालो.

शेवटी एका दुकानात तीन फ्रेमवर गोष्ट आली. दुकानदार म्हातारा, स्वतःच्या मालाबद्दल फार अभिमानी. पैसे द्यायच्या आधी साडूभाऊ चिंगीला म्हणाले, "दादांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. सांध्यातलं त्यांना कळतं, आपल्याला नाही." हे मला चिंगीने सांगितलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझ्या लेकीला माझ्याकडे पाठवायचा मोठेपणाही यांनीच घ्यावा?

गेलो. तिन्ही फ्रेम आकड्याला टांगलेल्या. पहिली काळी, अ‍ॅल्युमिनिअमची, एका बोटाने उचलावी इतकी हलकी. चिंगी मला समजावून सांगायला लागली. "ही नको बाबा. मागचं चाक बसतं ती खाच उभी आहे. फिक्स्ड गिअरला साखळी ताणून धरणारं दुसरं काही नसतं, चाकच मागे सरकवून ताणावी लागते. म्हणून खाच आडवी हवी." दुसरी लाल, खाच आडवी, पण उंच, उभं राहिलं की वरची नळी तिला टेकत होती. आणि तिसरी हिरवी. गडद, बाटलीच्या काचेसारखी. जुनी, पोलादी, कुणा कारागिराने हाताने केलेली. नळ्यांची टोकं बाह्यांमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या आखूड पोलादी नळकांड्यांमध्ये, सरकवून आत पितळ वितळवून जोडलेली. बाह्यांच्या कडा कानशीने घासून इतक्या नाजूक केलेल्या की मी चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं.

फ्रेम अप्रतिम होती. पाहताक्षणीच मला कळलं. असलं काम माझ्या हातून तिसाव्या वर्षी झालं नाही आणि आता होणारही नाही.

चिंगी ती फ्रेम धरून उभी होती, लहान मूल कडेवर घ्यावं तशी. तिने माझ्याकडे पाहिलं, मग साडूभाऊंकडे पाहिलं आणि ती त्यांच्याकडे बघून हसली. ते हसू माझ्या वाट्याचं होतं. मी खिशातली किल्ली काढली, खालच्या सांध्यावर, जिथून पेडलचा दांडा जातो तिथे, ठोकली. कान लावला. पुन्हा ठोकली. नखाने कड चाचपली. तिघंही श्वास रोखून माझ्याकडे बघत होते, आणि मला ते आवडलं.

"सांध्याच्या पोटात पितळ पोचलेलं नाही," मी म्हणालो. "वरून दिसायला छान आहे. पण आत पोकळ आहे."

दुकानदाराचा चेहरा पडला. "माझ्याकडची फ्रेम? अहो, काहीतरीच काय."

"पाय उलटे रेटून थांबायचं तर सगळा जोर याच सांध्यावर येणार. भर रस्त्यात सुटला तर?"

हे बाहेरून कुणाला तपासता येत नाही. मला ते माहीत होतं, म्हणून तर मी हे खोटं निवडलं. चिंगीने फ्रेम आकड्याला परत लावली. तिने वादसुद्धा घातला नाही. साडूभाऊंचा चेहरा उतरला होता. "बरं झालं दादा, तुम्ही आलात," ते म्हणाले. "मी तिला तीन रविवार हीच घे म्हणत होतो. काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटलं. घरी जाताना चिंगी माझ्याशेजारून चालत होती आणि मला विचारत होती, आवाजावरून कसं कळतं, पितळ का पोचत नाही. मी उत्तरं देत होतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका दुकानातून मी तिला एक करडी फ्रेम आणून दिली. मापाची होती, खाच आडवी होती, वजनाला जरा जास्त. "ठीक आहे बाबा," ती म्हणाली. मी ते "छान आहे" असं ऐकलं.

पुढच्या रविवारी सकाळी वर्कशॉप उघडून बसलो होतो, तर साडूभाऊ आले. खांद्यावर हिरवी फ्रेम. मागून चिंगी.

"विकत घेतली," ते म्हणाले. "मला राहवेना. आपण सोडली, पण उद्या दुसऱ्या कुणाची तरी मुलगी येऊन घेऊन जाईल. आमच्याकडे लिफ्टचा दोर बाद झाला की तो आम्ही कापून टाकतो. नुसता फेकला तर कुणीतरी उचलतो आणि दुसरीकडे बसवतो. ही कापून द्या दादा."

सांगायचं असतं तर ती वेळ होती. मी म्हणालो, "ठेवून जा. सवडीने कापतो."

"दोन मिनिटांचं काम आहे. मी धरतो की." त्यांनी ती माझ्या टेबलावरच्या व्हाइसमध्ये बसवून आवळलीसुद्धा.

मी करवत घेतली आणि वरच्या नळीला लावली.

"तिथे नको," साडूभाऊ म्हणाले. "नळी काय, बदलतात लोक. सांध्यातूनच कापा. आणि मलाही आतलं एकदा बघायचं आहे. पुढच्या वेळी ओळखता आलं पाहिजे."

मी सांध्यातून कापली. ग्राइंडर जवळच होता, पण मी करवतच चालवत राहिलो, जमेल तेवढी हळू. हिरव्या रंगाचा भुगा माझ्या बुटांवर पडत होता. तुकडा सुटला तसा साडूभाऊंनी तो झेलला, फडक्याने पुसला आणि दाराशी उजेडात नेला.

आत एक नळीची कड, बाहेर बाहीची कड, आणि दोन्हींच्या मधे पितळेची पिवळी रेघ. पूर्ण गोल. केसाएवढीही कुठे तुटलेली नाही. माझ्या आयुष्यात मी इतका भरलेला सांधा पाहिला नव्हता.

साडूभाऊंनी तुकडा फिरवून फिरवून पाहिला. त्यांच्या मनात काडीचा संशय नव्हता; तोंडावर शिकायला बसल्यासारखा भाव होता. "कुठे पोकळ आहे दादा? माझ्या डोळ्याला दिसत नाही."

चिंगीने तो तुकडा त्यांच्या हातातून घेतला. शाळेत असताना सुट्टीत ती इथेच बसायची, आणि चांगला सांधा कुठला, वाईट कुठला हे मी तिला तुकडे दाखवून शिकवलं होतं. आता दिवसभर ती केसाहून बारीक गोष्टी बघते. तिने तुकडा डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

"आहे काका," ती म्हणाली. "इथे, या कडेला. खूप बारीक आहे, पटकन दिसत नाही."

"असं का," साडूभाऊ म्हणाले. "बापाचा डोळा आलाय तुझ्याकडे." त्यांनी फडक्याची घडी घातली, माझे आभार मानले आणि ते गेले. चिंगीने तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता तीही गेली. महिनाभर मी याचीच वाट पाहत होतो की त्यांच्यासमोर तिने माझी बाजू घ्यावी. तिने घेतली होती.

याला दोन महिने झाले. करडी सायकल तयार झाली. दर रविवारी सकाळी चिंगी ती घेऊन निघते. "काकांबरोबर तळ्यावर जाते," एवढंच आईला सांगते. तिच्याशी बोलायचं म्हणून मी तीनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा काहीतरी भलतंच विचारून परत आलो. गेली काकांकडे तर जाऊ दे, असंही आता मला वाटायला लागलं होतं. निदान एकाकडे तरी तिचं हसू शिल्लक आहे.

आज ती गेल्यावर तासाभराने साडूभाऊंचा फोन आला. सासऱ्यांच्या यंत्राबद्दल काहीतरी बोलायचं होतं. बोलणं झाल्यावर म्हणाले, "दादा, तुम्हीही रविवारी सायकल चालवायला लागलात म्हणे. चिंगीने सांगितलं, आता ती तुमच्याबरोबरच जाते. आमचं जाणं बंद झालं म्हणून मला आधी जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बापलेकीने बरोबर जावं, हेच बरं. आज जाऊन आलात का?"

मी हो म्हणालो.