आठ नंबरची फिल्म

भिंगकाकांना एक खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. बॉयलर आणि पाईप बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे भिंगकाकाच म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत असायचं, अगदी जेवतानाही. आंघोळीला जाताना तरी काढून ठेवतात हेच माझं नशीब, असं त्यांची बायको म्हणायची.

काम साधं होतं आणि जीवघेणंही. दोन पाईप वेल्डिंगने जोडले, की जोड बाहेरून कितीही देखणा दिसला तरी आत काय भरलंय ते देवाला ठाऊक आणि एक्स-रेला. त्या एक्स-रेच्या फिल्म काकांच्या खोलीत यायच्या. खोलीला खिडकी नव्हती. मधोमध पांढऱ्या उजेडाची एक पेटी होती. तिच्यावर फिल्म लावायची, भिंग टेकवायचं आणि जोडात कुठे वितळलेल्या रॉडची मळी अडकलीय का, हवेचा बुडबुडा राहिलाय का, ते शोधायचं. दोष फिल्मवर काळा दिसतो. भिंगात मिलिमीटरच्या बारीक रेघा होत्या. मळीची रेघ तीन मिलिमीटरपर्यंत माफ, पुढे गेली की नापास. चोवीस वर्षांत त्यांच्या निकालावर एकही तक्रार आली नव्हती. मागे शिव्या कुणी घातल्या असतील तर असोत.

या खोलीत बसण्याआधी अकरा वर्षं ते स्वतः वेल्डर होते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि सकाळी थुंकी काळी पडायची. पाळी संपली की अभ्यास करून त्यांनी तपासनिसाची परीक्षा दिली आणि धुरातून बाहेर पडले. तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपल्या घरातलं कुणी पुन्हा त्या धुरात जाणार नाही. ठरवायला काय जातं?

घरात एकुलती एक मुलगी. डोळे घारे म्हणून लाडाचं नाव घारी, आणि मोठी झाल्यावरही तेच चिकटलं. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. गुण चांगले पडायचे. काका तिला पांढऱ्या कोटात, स्वच्छ प्रयोगशाळेत बघत होते. एका संध्याकाळी तिने चपला काढता काढता सांगितलं, की कॉलेज सोडलंय आणि कारखान्याच्या वेल्डिंगच्या वर्गात नाव घातलंय.

पुढच्या रविवारी घरात जणू कोर्ट बसलं. काकांची बहीण, म्हणजे घारीची आत्या, शाळेची मुख्याध्यापिका. तिने दोन तास आयुष्याच्या वाटा समजावून सांगितल्या. घारीची आई मधूनमधून पाणी आणून देत होती आणि कुणाचीच बाजू घेत नव्हती. काकांचा जुना मित्र क्रेन चालवायचा, तोही आला होता. तो म्हणाला, पोरगी निदान खोटं बोलून तरी गेली नाही. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी आत्याने विचारलं, तुला नक्की नको काय आहे? तेव्हा घारी म्हणाली, "प्रयोगशाळेत मी दुसऱ्यांनी बनवलेलं मोजत बसणार, आत्या. मला मोजायचं नाही. मला बनवायचंय."

बोलली ती आत्याला, पण लागलं कुणाला हे वेगळं सांगायला नको. काका उठले. "अकरा वर्षं मी तो धूर गिळला," ते म्हणाले, "तो तू गिळावास म्हणून नाही." त्यानंतर चार महिने बापलेकीत अबोला. मीठ हवं असलं तरी आईमार्फत. मला तुम्ही दोघांनी टपालखात्यात लावलंय, असं ती माउली एकदा वैतागून म्हणाली, पण निरोप पोचवत राहिली.

यातली गंमत अशी, की घारीच्या हातात पहिला रॉड काकांनीच दिला होता. ती बारा वर्षांची असताना मागच्या फाटकाची बिजागरी तुटली होती. काकांनी तिच्या तोंडावर स्वतःचा वेल्डिंगचा मुखवटा धरला आणि एक गोष्ट शिकवली. रॉड संपला की तिथे उंचवटा राहतो. दुसरा रॉड त्याच्यावर तसाच चढवायचा नाही. आधी तो शेवट घासून उतरता करायचा आणि बोटभर मागे जाऊन सुरुवात करायची. असा जोड काकांना फिल्मवर लांबूनही ओळखू यायचा, कारण इतका वेळ दुसरं कुणी खात बसत नसे. बाद झालेल्या फिल्मही ते घरी आणायचे. खिडकीच्या काचेवर लावून ती बापाबरोबर दोष शोधायची. मळीच्या रेघेला कधीकधी एक पुसट शेपूट असतं, ते रेघ म्हणून मोजायचं नाही, हेही तिला दहा वेळा सांगून झालेलं.

परीक्षेचा दिवस आला. वर्गात चौदा जण, तेरा पुरुष आणि ही. प्रत्येकाने एक पाईप जोडायचा, त्यावर नावाऐवजी नंबर. फिल्म वाचणारे कारखान्यात दोघेच, आणि दुसरा अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन घरी पडला होता. विभागाच्या प्रमुख बाईंनी काकांना बोलावून स्पष्ट विचारलं, तुमची मुलगी यात आहे, बाहेरचा माणूस बोलवू का? आठ दिवस जातील, पण हरकत नाही. काका म्हणाले, फिल्मवर नुसते नंबर असतात, मला काय कळणार आहे? बाईंनी मान डोलावली.

खरं तर त्यांनी तिथेच 'हो, बोलवा' म्हणायला हवं होतं. म्हणाले नाहीत, कारण तो निकालाचा कागद त्यांना दुसऱ्याच्या हातात द्यायचा नव्हता. नापास झालेल्याला पुढच्या परीक्षेसाठी सहा महिने थांबावं लागे, आणि कॉलेजात परत नाव घालायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. हा हिशेब त्यांनी मनात किती वेळा केला असेल, त्यांचं त्यांना माहीत.

फिल्म वाचायच्या आदल्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर क्रेनवाला मित्र त्यांच्या शेजारी येऊन बसला. "पास केलंस तर म्हणतील पोरीला पास केलं. नापास केलंस तर म्हणतील सूड घेतला. मी तुझ्या जागी असतो ना, तर सरळ आजारी पडलो असतो." काका हसले नाहीत. घरी आले तर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तीही म्हणाली, "अहो, नका ना तुम्ही वाचू." आतल्या खोलीत घारी उभी होती. चार महिन्यांनी ती पहिल्यांदाच थेट बोलली. "बाबा, तुम्ही फक्त फिल्म बघा. बाकी काही बघू नका."

दुसऱ्या दिवशी काकांनी दार लावून घेतलं आणि पेटीचा दिवा लावला. पहिल्या सात फिल्म सरळ होत्या. दोन नापास, पाच पास. आठवी लावली आणि हात थांबला.

रॉड संपून दुसरा लागला होता ती जागा उतरती होती. घासून, बोटभर मागे जाऊन केलेली. रॉड बदललेल्या चारही ठिकाणी तसंच. फाटकाची बिजागरी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. मग त्यांना ती रेघ दिसली. मुळाशी अडकलेली मळी, बारीक, तिरकी. भिंग टेकवलं. दोन पूर्णांक आठ. आणि पुढे शेपूट, पुसट, असून नसल्यासारखं. शेपटासकट मोजलं तर साडेतीन.

त्यांनी तीन वेळा मोजलं. नियम कुठे शेपूट सोडा म्हणतो, ते मनाशी म्हणाले, ती माझी पद्धत आहे, नियम नाही. मुलगी आहे म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणायला नको. मग तक्त्यात लिहिलं, आठ, साडेतीन, नापास. लिहून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं, की उरलेल्या सहा फिल्म त्यांनी भराभर उरकल्या, तक्ता पाकिटात घालून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि वेळेआधी घरी निघाले.

घारी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. काकांनी आईला निरोप दिला नाही. खुर्ची ओढून बसले आणि अगदी मऊ आवाजात तिला म्हणाले, की कॉलेजची मुदत अजून आहे, आपण उद्याच जाऊन येऊ. तिने नळ बंद केला.

"नापास झाले मी?"

निकाल लागण्याआधी सांगायचा नसतो. चोवीस वर्षांत कधी सांगितला नव्हता. ते गप्प राहिले, आणि ते गप्प राहणंही सांगण्यासारखंच होतं.

"कितवा नंबर बघून म्हणताय, बाबा?"

"आठ."

ती ओले हात तसेच धरून उभी राहिली. "आठ माझा नाही. माझा अकरा आहे. आठ ट्रककाकांचा."

ट्रककाका म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा चाळिशीतला माणूस. वीस वर्षं ट्रक चालवून पाठ कामातून गेली, म्हणून हे शिकायला आलेला. दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर वर्गातून नाव कमी होणार होतं.

"पण तो जोड..." काका म्हणाले. "शेवट उतरता केलेला आहे. चारही ठिकाणी."

"मी शिकवलं त्यांना. त्यांचा जोड नेहमी तिथेच फसायचा." मग तिने विचारलं, "दोष किती होता?"

त्यांनी सांगितलं. आकडे ऐकताना तिचा चेहरा बदलत गेला. तिला मोजता येत होतं, आणि कुणी शिकवलं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

"शेपूट मोजलंत तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "माझ्यासाठी मोजलंत."

दारात आई उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच बाजू घेतली. ती मुलीशेजारी जाऊन उभी राहिली. काकांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

निकाल सकाळी दहाला लागायचा होता. काका साडेसातलाच बाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले. पाकीट परत द्या, म्हणाले, चौदाच्या चौदा फिल्म बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. बाई म्हणाल्या, काका, असं नुसतं नाही चालत, कारण लिहून द्यावं लागेल, आणि ते फाईलला लागेल. चौकशी होईपर्यंत तुम्हाला पेटीवर बसता येणार नाही. काकांनी खिशातलं पेन काढलं. लिहिलं, की आठ नंबरची फिल्म माझ्या मुलीची आहे अशा समजुतीने मी वाचली आणि दोष नेहमीपेक्षा जास्त मोजला. खाली सही केली. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि फाईलला लावला.

एवढ्यावर ते घरी जाऊ शकले असते. पण ते वर्गाच्या शेडकडे वळले. निकाल आठ दिवस लांबलाय हे तिथे कळलं होतं आणि कुरकुर चालली होती. ट्रककाका त्यांना पाहून पुढे आला. "काका, आता कोण कुठला माणूस वाचणार हो? तुम्ही वाचलं असतंत तर मी निवांत असतो. तुमच्या हातून नापास झालो तरी समजलो असतो, की माझंच चुकलं."

घारी ग्राइंडर हातात घेऊन मागे उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"मीच वाचली होती," काका म्हणाले. "तुम्हाला नापास केलं होतं. चूक तुमची नव्हती, माझी होती. ती फिल्म माझ्या मुलीची आहे असं मला वाटलं."

ट्रककाकाने हातमोजे काढले. मग म्हणाला, "ही माझी तिसरी वेळ होती." आणि पाठ धरत धरत आपल्या टेबलाकडे निघून गेला.

आठ दिवसांनी निकाल लागला. आठ पास, अकरा पास. आठच्या पुढे बाहेरच्या माणसाने दोन पूर्णांक आठ लिहिलं होतं. ट्रककाका आता फाटकात भेटला की मान हलवतो, बोलत नाही. काकांची खोली तीन महिन्यांसाठी त्या अपेंडिक्सवाल्याकडे गेली. काका भिंग गळ्यात घालून त्याच खोलीच्या दाराशी बसतात आणि फायलीला कागद लावायचं काम करतात. लोक अजून भिंगकाकाच म्हणतात, फक्त जरा हळू आवाजात.

उमेदवाराला आपली फिल्म बघायचा हक्क असतो. घारीने अर्ज केला आणि एका दुपारी ती त्या बिनखिडकीच्या खोलीत आली. अंगावर जाड एप्रन, बाहीला जळल्याची भोकं. अपेंडिक्सवाला पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेला. तिने अकरा नंबरची फिल्म पेटीवर लावली, बापाच्या गळ्यातलं भिंग मागून घेतलं आणि वाकून बघायला लागली. काका भिंतीला टेकून उभे होते.

"इथे एक बुडबुडा आहे," ती म्हणाली. "एक मिलिमीटरचा."

"एक चालतो."

"चालतो ते मला माहीत आहे. तुम्हाला दिसला होता का?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांच्या तक्त्यात अकरापुढे नुसतं 'पास' लिहिलेलं होतं, कुणाला पत्ता लागला नसता.

"नाही," काका म्हणाले. "आठनंतर मी काही नीट बघितलंच नाही. ही कुणाची आहे, कशी आहे... तुझी फिल्म मी बघितलीच नाही, घारे."

ती पेटीपासून बाजूला झाली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

"मग आता बघा," ती म्हणाली.